सरकारी आदेशाच्या सीमा: जालना जिल्ह्याच्या अनुभवातून

लोकशाहीत सरकारचा आदेश केवळ सरकारने काढला एवढ्यावर वैध ठरत नाही. त्याच्या मागे राज्यघटनेचे कलम, विधिमंडळाचा कायदा किंवा त्या कायद्याखालचा नियम असावा लागतो. तो ठरलेल्या पद्धतीने निघावा लागतो, आणि त्याने नागरिकांच्या मूलभूत हक्कांना धक्का लागता कामा नये. या गोष्टी पाळल्या गेल्या की नाही हे पाहण्याचा, आणि नसतील तर आदेश रद्द करण्याचा उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन. जालना जिल्ह्याच्या इतिहासात या विषयाच्या बहुतेक बाजू प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. जिल्ह्याची निर्मिती, ज्या खंडपीठाकडे इथले लोक दाद मागतात त्याची स्थापना आणि अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निघालेले शासन निर्णय या साऱ्यांत प्रश्न एकच होता: हा अधिकार आला कुठून, आणि तो कुठपर्यंत जातो?

फर्मानाकडून राज्यघटनेकडे

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात कायदे होते, न्यायालये होती, वकीलही होते. पण निजामाचे फर्मान या सगळ्यांच्या वर होते. कायदा करणे, तो अमलात आणणे आणि त्याचा अर्थ लावणे या तिन्ही सत्ता अखेरीस एकाच व्यक्तीत एकवटलेल्या होत्या, त्यामुळे फर्मान कायद्याशी जुळते का हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हे मान्य केले की त्या काळी निजामाचे फर्मान हाच कायदा होता.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि ही रचना मुळापासून बदलली. कलम १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता शून्य ठरतो. या कलमातील ‘कायदा’ म्हणजे केवळ विधिमंडळाचा अधिनियम नाही. अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम आणि अधिसूचना हे सारे त्यात येते. तहसील कचेरीच्या फलकावर लागलेली अधिसूचनादेखील या कलमाच्या कक्षेत येते.

राज्याची कार्यकारी सत्ता कलम १५४ ने राज्यपालांच्या ठायी ठेवली आहे आणि कलम १६३ नुसार राज्यपाल सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ती वापरतात. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे शब्द असतात ते कलम १६६ मुळे. ही सत्ता किती लांबवर पोचते ते कलम १६२ सांगते: ज्या विषयांवर राज्याचे विधिमंडळ कायदा करू शकते, त्या विषयांपर्यंत.

मग कायदाच झालेला नसेल तर सरकारने हात बांधून बसायचे का? पंजाब सरकारने शालेय पाठ्यपुस्तकांची छपाई स्वतःकडे घेतली तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात न्यायालयाने सांगितले की प्रत्येक कामासाठी आधी कायदा असलाच पाहिजे असे नाही. मात्र सरकारला अस्तित्वात असलेल्या कायद्याविरुद्ध किंवा कोणाच्या हक्कांविरुद्ध जाता येणार नाही. १९६७ च्या ठाकूर भारत सिंग खटल्यात याची दुसरी बाजू स्पष्ट झाली. नागरिकाचे नुकसान करणाऱ्या किंवा त्याच्यावर बंधन घालणाऱ्या कृतीला कायद्याचा आधार हवाच. गावात वाचनालय उघडायला सरकारला वेगळा कायदा लागत नाही; पण एखाद्याला गावाबाहेर जायला सांगायचे असेल, तर तो लागतोच.

अधिकाराचा उगम: जिल्हा आणि खंडपीठ

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूरचा भाग त्यात आला. आज जिल्ह्यात बदनापूर, घनसावंगी आणि मंठा धरून आठ तालुके आहेत. जिल्हा हा सरकारच्या मर्जीने नकाशावर उमटला असे वरवर वाटते, पण त्यामागे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आहे. जिल्हे निर्माण करण्याचा आणि त्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार या संहितेने राज्य सरकारला दिला आहे आणि तो अधिसूचनेद्वारे वापरायचा आहे. असा अधिकार सोपवण्याला प्रत्यायोजन म्हणतात. सोपवलेला अधिकार सोपवणाऱ्या कायद्याच्या चौकटीतच वापरावा लागतो; त्या चौकटीबाहेर गेलेली अधिसूचना न्यायालयात टिकत नाही.

त्याच वर्षी मराठवाड्याची दुसरी मोठी मागणी पूर्ण झाली. २७ ऑगस्ट १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश औरंगाबादला बसून मराठवाड्यातील प्रकरणे ऐकू लागले. हा निर्णय मुख्य न्यायमूर्ती वि. श्री. देशपांडे यांनी राज्यपालांच्या संमतीने घेतला होता. त्यालाच न्यायालयात आव्हान मिळाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आधार म्हणून दाखवलेला कायदा होता राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६, आणि त्यातील कलम ५१ चे तिसरे पोटकलम. १९६० मध्ये महाराष्ट्र स्वतंत्र राज्य झाल्यानंतर हे पोटकलम लागू उरते का, असा मूळ वाद होता. ते लागू आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नारायण श्यामराव पुराणिक खटल्यात खंडपीठाची व्यवस्था कायम केली. लोकांची मागणी रास्त होती याबद्दल फारसा वाद नव्हता. तरीही निर्णय टिकला तो कायद्याच्या एका पोटकलमावर, आणि मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशालाही तीच कसोटी लागली.

अधिकाराचा हेतू: सिमेंटचे वाटप

जालना जिल्हा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अ. र. अंतुले. त्या काळी सिमेंटची टंचाई होती आणि ते सरकारी नियंत्रणाखाली वाटले जाई. बांधकाम व्यावसायिकांना मिळणारा सिमेंटचा कोटा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाला मिळणाऱ्या देणग्या यांचा संबंध असल्याचा आरोप करून उच्च न्यायालयात याचिका झाल्या. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती बी. लेंटिन यांनी असा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा फौजदारी शिक्षेचा निकाल नव्हता. सरकारी अधिकार कसा वापरला गेला, याचे ते न्यायालयीन परीक्षण होते.

यातून पुनर्विलोकनाची दुसरी कसोटी कळते. सिमेंटचे वाटप करण्याचा अधिकार सरकारला होता, त्यामुळे उगमाचा प्रश्न नव्हता. प्रश्न हेतूचा होता. ज्या कामासाठी अधिकार दिला, त्याच्याशी संबंध नसलेल्या गोष्टी पाहून तो वापरला तर कलम १४ मधील समानतेचा भंग होतो. १९७३ च्या रोयप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मनमानी आणि समानता एकत्र नांदू शकत नाहीत. लेंटिन यांच्या निकालाने हे तत्त्व राज्याच्या सर्वोच्च कार्यकारी पदाला लागू करून दाखवले.

याच प्रकरणाच्या फौजदारी बाजूने आणखी एक धडा दिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतुले यांच्यावरील खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने आपल्याच न्यायालयाचा तो आदेश चुकीचा ठरवला. कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशाकडे दिले होते, आणि कायद्यात नसलेला मार्ग न्यायालयालाही निर्माण करता येत नाही. कायद्याचे बंधन मुख्यमंत्र्यांवर आहे तितकेच न्यायमूर्तींवरही आहे, हे या निकालात स्वच्छ दिसते.

न्यायालय काय तपासते

याचिकेच्या सुनावणीत न्यायालय सरकारच्या जागी बसून निर्णय घेत नाही. ते साधारणपणे चार गोष्टी पाहते. आदेश काढणाऱ्याला तसा अधिकार होता का? ठरलेली पद्धत पाळली का, बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकले का? संबंधित गोष्टी विचारात घेतल्या आणि असंबद्ध गोष्टी बाजूला ठेवल्या का? आणि कोणताही समंजस अधिकारी घेणार नाही इतका तो निर्णय अवाजवी आहे का? १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचे सार सांगितले: तपासणी निर्णयप्रक्रियेची होते, निर्णयाच्या गुणवत्तेची नाही.

दुसरा महत्त्वाचा नियम मोहिंदर सिंग गिल खटल्यातून आला. आदेशाची वैधता त्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच ठरते. मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे घालून तो सावरता येत नाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांच्या आदेशात कारणे लिहिलेली असणे ही नुसती औपचारिकता नाही. कारण लिहावे लागले की अधिकारी विचार करतो, आणि वाचणाऱ्याला नेमके कशाविरुद्ध दाद मागायची ते समजते.

अध्यादेशालाही हीच शिस्त लागू आहे. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपालांना कलम २१३ खाली अध्यादेश काढता येतो, पण अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि त्यांतील अनेक वारंवार पुन्हा जारी करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी संशोधनातून हे उघड केले आणि स्वतः याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ही प्रथा म्हणजे राज्यघटनेशी केलेली फसवणूक असल्याचे ठरवले.

अंतरवाली सराटी: आदेश, नियम आणि कायदा

जालना जिल्ह्यात या विषयाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक २०२३ पासून घडले. त्याची पार्श्वभूमी आधीची आहे. मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश जुलै २०१४ मध्ये निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड आयोगाच्या अहवालानंतर विधिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पुन्हा १६ टक्क्यांचा कायदा केला. २७ जून २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, पण प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जयश्री लक्ष्मणराव पाटील खटल्यात हे आरक्षण रद्द केले.

या निकालाची दोन कारणे होती. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्याने आरक्षणाला सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि ती ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती आयोगाच्या अहवालातून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाला दिसले. शिवाय तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने असेही ठरले की २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे राहिलेला नाही. मात्र ९ सप्टेंबर २०२० पर्यंत झालेले पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश आणि नियुक्त्या न्यायालयाने कायम ठेवल्या.

दुसऱ्या कारणावर संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये उत्तर दिले. १०५ व्या घटनादुरुस्तीने राज्यांना आपापली यादी करण्याचा अधिकार परत मिळाला. न्यायालयाने घटनेचा एक अर्थ लावला, संसदेने घटनेतील शब्द बदलून वेगळी व्यवस्था आणली. दोघांनीही आपापल्या हद्दीत राहून हे केले, आणि हाच घटनेला अपेक्षित असलेला मार्ग आहे.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी आंदोलक मनोज जरांगे पाटील यांनी अंतरवाली सराटी येथे उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांनी लाठीमार केला आणि हे गाव राज्यभर पोचले. शांततेने एकत्र जमण्याचा हक्क कलम १९ देते. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण पोलिसी बळही कायद्याखालची कार्यकारी कृतीच असते. रामलीला मैदान प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपलेल्या जमावावरील बळाच्या वापराची चिकित्सा करून भरपाई देण्यास सांगितले होते. गरजेपेक्षा अधिक बळ वापरले गेले का, ही तपासणीही पुनर्विलोकनाच्या कक्षेत येते.

७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला. निजामकालीन महसुली, शैक्षणिक व अन्य अभिलेखांत ज्यांच्या वंशावळीत ‘कुणबी’ नोंद आढळेल, अशा मराठवाड्यातील मराठा व्यक्तींना पडताळणीनंतर कुणबी प्रमाणपत्र देण्याचा तो निर्णय होता. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे या नोंदी शोधण्याचे आणि पडताळणीची पद्धत ठरवण्याचे काम आले. कुणबी ही जात इतर मागासवर्गाच्या यादीत आधीपासून होती, आणि १ जून २००४ च्या शासन निर्णयाने ‘मराठा कुणबी’ व ‘कुणबी मराठा’ यांचाही समावेश झाला होता. ५० टक्क्यांच्या मर्यादेमुळे अडलेल्या स्वतंत्र आरक्षणाऐवजी असलेल्या यादीतून प्रवेश मिळवण्याचा हा मार्ग होता. त्यामुळेच इतर मागासवर्गीय संघटनांनी त्याला विरोध केला.

इथे आदेशांची उतरंड समजून घेणे आवश्यक आहे. जातप्रमाणपत्रे महाराष्ट्राच्या २००० च्या अधिनियमाखाली मिळतात. त्याखाली २०१२ चे नियम आहेत. शासन निर्णय या दोन्हींच्या खाली येतो. १९६७ च्या संत राम शर्मा खटल्यापासून स्थिर झालेले तत्त्व असे की नियमांत रिकामी राहिलेली जागा सरकार प्रशासकीय सूचनांनी भरू शकते, पण नियमाविरुद्ध सूचना देऊ शकत नाही. म्हणून नातेवाइकांच्या नोंदीवरून प्रमाणपत्र देण्याचा विषय पुढे आला, तेव्हा सरकारला थेट नियमांनाच हात घालावा लागला. ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा नियमदुरुस्तीचा मसुदा २६ जानेवारी २०२४ ला निघाला आणि त्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवण्यात आल्या. मसुदा म्हणजे नियम नव्हे. हरकतींचा विचार होऊन अंतिम अधिसूचना निघेपर्यंत त्याच्या आधारे कोणालाही हक्क मिळत नाही. हरकतींचा टप्पा हा बाजूच्या आणि विरोधी अशा दोन्ही समाजांना म्हणणे मांडण्याची कायदेशीर जागा असते.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने निवृत्त न्यायमूर्ती सुनील शुक्रे यांच्या अध्यक्षतेखालील मागासवर्ग आयोगाच्या अहवालावर आधारित १० टक्के स्वतंत्र आरक्षणाचा कायदा एकमताने मंजूर केला. त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर झालेल्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा शासन निर्णय आला आणि त्याविरुद्धही याचिका झाल्या. निजामाच्या काळातील नोंदी आता घटनेखालच्या आदेशाचा पुरावा झाल्या आहेत. त्या आदेशांना लागणारी कसोटी मात्र कलम १४, १५ आणि १६ यांचीच आहे.

दाद मागण्याचे मार्ग

जालन्यातील नागरिकाला मुख्य मार्ग कलम २२६ देते. या कलमाखाली उच्च न्यायालय बंदी प्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, अधिकारपृच्छा आणि प्राकर्षण असे पाच प्रकारचे आदेश काढू शकते. अडवून ठेवलेल्या व्यक्तीला हजर करायला लावणे, टाळलेले कर्तव्य पार पाडायला लावणे, कनिष्ठ न्यायाधिकरणाला हद्द ओलांडण्यापासून थांबवणे, सार्वजनिक पद कोणत्या अधिकाराने धरले ते विचारणे आणि बेकायदा आदेश मागवून रद्द करणे, ही अनुक्रमे त्यांची कामे. कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, पण केवळ मूलभूत हक्कांसाठी. कलम २२६ ची कक्षा त्याहून रुंद असून इतर कायदेशीर हक्कांसाठीही ते वापरता येते.

काही विषयांत आधी दुसरे दार ठोठवावे लागते. राज्य कर्मचाऱ्याची बदली किंवा बढती असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे लागते. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालाने खुला ठेवला. उच्च न्यायालयाचा पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याने संसदेलाही तो काढून घेता येत नाही, असे त्या निकालाने ठरवले. जात पडताळणी समितीचा निर्णय अधिनियमानुसार अंतिम असतो, पण उच्च न्यायालयात कलम २२६ खाली त्याला आव्हान देता येते. समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पात जमीन जाते तेव्हा कलम ३००-अ आठवावे लागते: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावता येत नाही.

तपासणीच्याही मर्यादा

पुनर्विलोकनाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. न्यायालय बेकायदा आदेश रद्द करू शकते, पण चांगले धोरण आखून देऊ शकत नाही. कधी चूक सापडते, तरी घड्याळ मागे फिरवता येत नाही. ११ मे २०२३ च्या सुभाष देसाई निकालात राज्यपालांनी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना बहुमत चाचणीला बोलावणे समर्थनीय नव्हते असे घटनापीठाने म्हटले. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार परत आणता आले नाही.

न्यायालयेही चुकतात. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले की स्थानबद्ध व्यक्तीला सुटकेसाठी न्यायालयात येता येणार नाही. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी त्याआधी नागरिकांच्या बाजूने कौल दिला होता. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे एकट्याचे विरोधी मत पुढे ग्राह्य ठरले, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला. दुरुस्तीला चार दशके लागली.

म्हणून सत्तेच्या मर्यादा केवळ न्यायालयाच्या भरवशावर सोडता येत नाहीत. विधिमंडळाने अधिकार सोपवताना त्याच्या अटी स्पष्ट लिहाव्या लागतात, मंत्र्यांनी घोषणा करण्याआधी कायद्याचा आधार तपासावा लागतो, अधिकाऱ्यांनी आदेशात कारणे द्यावी लागतात आणि नागरिकांनी मसुद्यांवर मुदतीत हरकती नोंदवाव्या लागतात. हे टप्पे नीट पार पडले तर बहुतेक आदेश न्यायालयापर्यंत जायची गरज पडत नाही, आणि गेले तरी टिकतात. न टिकणाऱ्या आदेशाची किंमत मात्र त्यावर विसंबून अर्ज भरलेल्या, प्रवेश घेतलेल्या आणि नोकरीची वाट पाहिलेल्या तरुणांना मोजावी लागते.